शेजारचा स्टॉपर

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकते. उभी हयात कोल्हापुरात हायस्कूलला इंग्रजी शिकवण्यात गेली. आजी वारली म्हणून सुट्टी मागणारी पोरं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच आजीला घेऊन पालकसभेला येणारी पोरं, दोन्ही बघितलीत मी. समोरचा माणूस गोड हसला की माझ्या मनात आधी पाल चुकचुकते. माझी लेक कौमुदी म्हणते, "आई, तू पोलिसात जायला हवं होतंस." मलाही कधी कधी तसंच वाटतं.

२०२० च्या फेब्रुवारीत मी आयर्लंडला आले. कौमुदी लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. जावई आशुतोष तिकडं खाली किलकेनीच्या हॉस्पिटलात. एक देशाच्या ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि शनिवार-रविवार गाडीत. "आई, थोडे महिने ये आणि मला घरचं जेवू घाल," म्हणून तिनं बोलावलं. मी आले, चटणीच्या बरण्या फडताळात लागल्या, आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं बंद, आशुतोष तिकडंच अडकला, दोन किलोमीटरच्या पलीकडं कुणी जायचं नाही. कौमुदी संध्याकाळी हॉस्पिटलातून आली की गॅरेजमध्ये कपडे बदलायची आणि माझ्याशी दारातूनच बोलायची. दिवसभर मी, स्वयंपाकघराची खिडकी आणि मागचं अंगण.

हे मागचं अंगण म्हणजे दोन घरांत मिळून एकच गवताचा तुकडा. मधे भिंत नाही, कुंपण नाही, फक्त कपडे वाळत घालायची लांब दोरी. पलीकडच्या घरात ह्यूई लॅमंट आणि त्याची बायको नोरा. दोघंही सत्तरी ओलांडलेली. म्हातारा मूळचा स्कॉटलंडचा. चांगला उंच, नाक मधेच मोडून परत कसंतरी बसवलेलं, आणि एका भुवईत टाक्यांची खूण. अशा चेहऱ्याच्या माणसाबद्दल आमच्याकडं आधी चौकशी करतात, मग नमस्कार करतात.

मी कपडे वाळत घालायला बाहेर पडले की हा बाबा मागच्या दारातून बाहेर यायचाच. यायचा तो यायचा, वर हातभर अंतरावर येऊन उभा राहायचा. सगळं जग एकमेकांपासून लांब पळत असताना हा माझ्या पाठीशी! मी दोरीच्या ह्या टोकाला गेले की हा सरकत ह्या टोकाला. मी बादलीत वाकले की हा अर्धं पाऊल मागं. बोलणं नाही, हसणं नाही. आणि नजर कुठं? तर माझ्या कमरेवर. साठी उलटलेली बाई मी, अंगावर सुती साडी, वर कौमुदीचा जाड कोट, आणि ह्या मेल्याची नजर कमरेवर! माझं डोकंच फिरलं.

"आई, सुरू नको करू प्लीज," कौमुदी म्हणाली. "तो ह्यूई आहे. ही इज ग्रँड. सगळ्या गावाला माहितीये तो. फुटबॉलर होता."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. डिफेंडर होता म्हणे. स्कॉटलंडमध्ये, मग इथं."

आता मला सांगा, कोल्हापूरच्या बाईला कुणी असं सांगावं का? आमच्याकडं पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीची फुटबॉल टीम. तिथं पानटपरीवर उभा असलेला दर दुसरा माणूस "एकेकाळी काय खेळायचो राव" म्हणतो. माझे मिस्टर, नंदकुमार, मात्र खरोखरच खेळले. आमच्या तालमीचे स्टॉपर. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहून समोरच्या फॉरवर्डला अडवणारा मधला गडी. लग्नानंतर पहिल्याच सीझनला सासूबाईंनी मला मॅचला नेलं आणि म्हणाल्या, "बॉलकडं बघू नकोस, आपल्या माणसाकडं बघ." फायनल जिंकली की घरात हळदीपेक्षा गुलाल जास्त सांडलेला असायचा. त्यामुळं फुटबॉलर म्हटल्यावर मी भाळणारी नाही.

मी ठरवलं, पाणी कुठं मुरतंय ते बघायचं. दोरीच्या पलीकडून नोराशी बोलायला लागले. बारकी, चपळ बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात हयात काढलेली, त्यामुळं आवाज खणखणीत. माझं इंग्रजी पुस्तकातलं, तिचं इथलं, डोनेगल जिल्ह्याचं. पण दोन बायका कपडे वाळत घालत असल्या की भाषेचं फारसं अडत नाही.

तिनं सांगितलं ते असं. ह्यूईचा जन्म ग्रीनॉकचा, क्लाइड नदीच्या काठावर, जिथं जहाजं बांधायचे. बाप यार्डात रिव्हेटा ठोकायचा. आई इकडची, डोनेगलची. दर उन्हाळ्यात पोराला इथं आजोळी बटाटे काढायला पाठवायचे. शाळा सुटल्यावर तोही यार्डात लागला आणि शनिवारी यार्डाच्या टीमकडून खेळायला लागला. उंच म्हणून मागं उभा केला. तिथल्या कोचनं शेडच्या तुळईला दोरीनं बॉल टांगला होता. कामावरून सुटलं की ह्यानं उड्या मारून त्याला डोकं द्यायचं, अंधार पडेपर्यंत. बॉल चामड्याचा, बाहेरून वाद्या आवळलेला, पाऊस पिऊन दगडासारखा झालेला. भुवईवरची खूण त्या वादीची.

"मग दुसऱ्या डिव्हिजनच्या एका क्लबनं घेतला त्याला," नोरा म्हणाली.

"मोठा क्लब?"

"छे गं. मंगळवार-गुरुवार प्रॅक्टिस, शनिवारी मॅच, सोमवारी परत यार्डात."

"मेडल वगैरे?"

"एकही नाही."

"गोल किती मारले?"

नोरा हसली. "एकच. कप मॅचला, मोठ्या टीमविरुद्ध, भर पावसात. तोही स्वतःच्याच गोलमध्ये."

हे मात्र मला पटलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या गोलमध्ये गोल मारल्याचं कशाला सांगेल? पुढं गुडघा दुखावला, क्लबनं सोडला. हा बोटीत बसून आजोळी आला. इथल्या क्लबनं अंगात जर्सी दिली आणि पोटाला ब्रेड पोचवायची व्हॅन. नोरा त्याला नाचाच्या हॉलमध्ये भेटली. "नाचता येत नव्हतं. नुसता माझ्यापुढं उभा राहून मला कुणाकडं जाऊ देत नव्हता," म्हणाली. खेळणं सुटलं तरी व्हॅन राहिली. लेटरकेनीतल्या निम्म्या घरांनी ह्यूईच्या हातचा ब्रेड खाल्लाय. पोरंबाळं झाली नाहीत.

सगळं ऐकलं. पण मग घरात एक फोटो का नाही? त्यांच्या खिडकीतून बैठकीची खोली दिसायची. भिंतीवर नुसते चौकोन, रंग न उडालेले, म्हणजे तिथं फोटो होते आणि कुणीतरी काढलेत. विचारलं तर नोरानं "काढून ठेवलेत गं" म्हणून विषय बदलला. आणि विषय बदलणाऱ्या माणसावर माझा संशय दुप्पट होतो.

मे महिन्यात ह्यूई पहिल्यांदा माझ्याशी बोलला. मी दोरीजवळ, तो नेहमीसारखा पाठीशी. खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, ती आतली आहे ना, ती माझी बायको नाही."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. "मग कोण आहे?"

"माहीत नाही. माझ्या वस्तू चोरते. मला कोंडून ठेवते."

झालं! मला पहिल्यापासून वाटतच होतं. मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले, आणि जे बघेन ते जुळतच गेलं. बाजूच्या फाटकाला नवं कोरं कुलूप. गाडीच्या किल्ल्या नोराच्या गळ्यात, दोऱ्यात अडकवलेल्या. म्हातारा खिडकीशी आला की पडदा खाली. भिंतीवरचे फोटो गायब. आणि एके दिवशी नोराच्या मनगटावर काळंनिळं. "प्रेसचं दार लागलं," म्हणाली. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. मी मनात म्हटलं, दार लागून बोटांचे ठसे उठतात होय? म्हणजे त्यानं सुटायची धडपड केली असणार आणि हिनं धरून ठेवला असणार. म्हाताऱ्याला वेडा ठरवून घर घशात घालायचा डाव आहे हिचा. मी फोन हातात घेतला, इथल्या पोलिसांना, गार्डांना, कळवायला.

कौमुदीनं तो हातातून काढून घेतला. "आई, हे कोल्हापूर नाही. लोकांच्या घरात नाक खुपसायचं नाही."

"माणूस सांगतोय ना तोंडानं!"

"मग मी बोलते नोराशी. तू नाही." ती बोलली. नोरानं तिला चहा दिला, केक दिला आणि "वुई'र ग्रँड" म्हणून परत पाठवलं. ग्रँड म्हणजे सगळं छान; ह्या देशात घर पेटलं तरी लोक ग्रँडच म्हणतील.

सप्टेंबरमधली एक दुपार. ऊन पडलेलं, म्हणून मी चादरीसुद्धा धुऊन टाकलेल्या, आणि अचानक डोंगरावरून सर आली. मी बादली घेऊन धावले. ह्यूई हजर. मी डावीकडच्या चादरीकडं धावले, हा डावीकडं. उजवीकडं वळले, हा उजवीकडं. घाईत मी सरळ त्याच्या दारापुढून पलीकडं जायला गेले आणि त्याचा हात आडवा आला. नुसता आडवा. ढकललं नाही, धरलं नाही. कोपर थोडं बाहेर, मूठ मिटलेली, अंगाचा सगळा भार मागच्या पायावर.

मी जागच्या जागी थांबले. तो हात मी ओळखत होते. कॉर्नर मिळाला की नंदकुमार फॉरवर्डच्या छातीवर असाच हात ठेवायचे. रेफ्रीला दिसायचा नाही, फॉरवर्डला हलू द्यायचा नाही.

पावसात भिजत मी त्याची परीक्षा घेतली. मान डावीकडं केली, खांदा डावीकडं टाकला आणि पाय उजवीकडं काढला. स्टेडियमवर किती पोरांना ह्यावर फसून तोंडघशी पडताना बघितलंय मी! ह्यूई फसला नाही. त्यानं माझ्या मानेकडं बघितलंच नाही, पायाकडं बघितलं नाही. कमरेकडं बघत होता. नंदकुमार तालमीतल्या पोरांना हेच शिकवायचे. मान फसवते, पाय फसवतात, पण माणूस खरंच जिकडं जाणार असतो तिकडंच त्याची कंबर वळते.

"वाऽ रे पठ्ठ्या!" माझ्या तोंडून निघून गेलं.

ह्यूईच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "आज नाही, पोरा," तो मला म्हणाला. "आज तू इथून जात नाहीस."

पोरा म्हणाला मला. साडीतल्या बाईला. मी मागं वळून बघितलं तेव्हा कळलं की हे इतके महिने तो प्रत्येक वेळी कुठं उभा होता. मी आणि त्याचं मागचं दार, ह्यांच्या मधे. ते दार त्याचा गोल होता. मार्चपासून हा गडी मला फॉरवर्ड समजून मार्क करत होता. त्याच्या डोक्यात रोज शनिवार होता.

मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण हा डोक्यातलं सगळं पुसून टाकणारा आजार मला ठाऊक होता. नंदकुमारही शेवटची वर्षं असेच होते. मलाच "तुम्ही कोण?" म्हणून विचारायचे. घड्याळ हरवलं की मी चोरलं. मी त्यांना शेवटपर्यंत घरात सांभाळलं, आणि त्याबद्दल पेठेत माझं फार कौतुक झालं.

मी तशीच ओलीचिंब नोराच्या दारात गेले. "कधीपासून?" एवढंच विचारलं.

नोरानं आधी कानावर हात ठेवल्यासारखं केलं, मग खुर्चीत बसून ढसाढसा रडली. तीन वर्षं झाली म्हणाली. फोटो काढले, कारण तो फोटोतल्या तरुण ह्यूईशी भांडायचा, "हा कोण घरात घुसलाय" म्हणायचा. कुलूप, कारण एकदा जुन्या सवयीनं ब्रेड पोचवायला निघाला आणि मोठ्या रस्त्यावर सापडला. डॉक्टरला एकदा दाखवलं, पुढं नेलंच नाही.

"का नाही नेलंस?"

"नेलं की नर्सिंग होम म्हणतील. ह्या वसंतात तिथं काय झालं, बघितलंस ना? आत माणसं मरत होती आणि बायका बाहेर काचेला हात लावून उभ्या. त्याला तिथं दिला तर मला तो परत मिळायचा नाही, वसुधा. त्याला मी घरातच ठेवणार. कुणाला सांगणार नाहीस ना? लेकीलाही नाही?"

मी शब्द दिला. एवढे दिवस त्या बाईबद्दल काय काय म्हणत होते ते आठवून तोंडात मारल्यासारखं झालं होतं, त्यामुळं दिला असेल.

त्यानंतरचे दोन महिने चांगले गेले, हे खरंच सांगायला पाहिजे. रोज दुपारी मी रिकामी बादली घेऊन बाहेर जायची आणि ह्यूईवर चाल करायची. "ये की! अडव की! नाद करतोस काय कोल्हापूरचा!" मी मराठीत ओरडायची, तो ग्रीनॉकच्या भाषेत उत्तर द्यायचा. कुणाला काही कळायचं नाही आणि कुणाचं काही अडायचं नाही. त्याच्या गालावर लाली यायची. मधेच थांबून गोलकीपरला शिव्या द्यायचा, मागच्या गड्यांना पुढं सरकवायचा, हात वर करून ऑफसाइड मागायचा. एकदा एका फॉरवर्डची गोष्ट सांगितली. पुढं फार मोठा झाला म्हणे तो, पण ह्यूई समोर असताना त्यानं कधी गोल केला नाही. खरं की खोटं, देव जाणे. मी मात्र त्या दोन महिन्यांत एकदाही त्याला चकवून दारापर्यंत पोचले नाही. आणि तेवढ्या वेळात नोरा आत सोफ्यावर झोपायची.

नोव्हेंबरात नोरा गळ्याभोवती जाड स्कार्फ घालायला लागली, घरातसुद्धा. थंडी आहे म्हणाली. थंडी होतीच. पण स्वयंपाक करताना, शेगडीपुढं स्कार्फ? माझ्या मनात पाल परत चुकचुकली. ख्रिसमसनंतर परत सगळं बंद झालं आणि नोरा लंगडायला लागली. बर्फावरून पाय घसरला म्हणे. त्या दिवशी बर्फ नव्हता.

"मारतो का तुला?" मी तोंडावर विचारलं.

नोरा माझ्यावर खेकसली. "तो मला मारत नाही. त्याला वाटतं कुणीतरी त्याला चकवून मागं घुसलंय, त्याच्या गोलपाशी. त्या माणसाला तो पाडतो. मी मधे असते, एवढंच."

"पण हाडं तुझीच मोडतात ना!"

"माझ्या घरात नाक खुपसू नकोस."

मी गप्प बसले. आणि मग त्या गप्प बसण्याचाच मला संशय यायला लागला. शब्द दिला म्हणून गप्प आहे, की नसत्या भानगडीत पडायला नको म्हणून? कौमुदीला विचारावं तर शब्द मोडतो. तिनं एकदा आपणहूनच सांगितलं होतं, की हल्ली डॉक्टर लोक म्हणायला लागलेत, आयुष्यभर डोक्यानं बॉल मारणाऱ्यांना, त्यातही मागं खेळणाऱ्यांना, हा आजार जास्त होतो. "बाबांनापण त्यामुळंच असेल का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काय माहीत. बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी तिच्याशी कधी फार बोलले नव्हते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नोराच्या बरगडीला लागलं. ह्या वेळी हॉस्पिटलात जावंच लागलं. तिथं कुणाला तरी शंका आली असावी, कारण दोन दिवसांनी सरकारी नर्सबाई घरी आली. नोरानं सकाळीच मला बजावलं होतं, "तू काही बघितलेलं नाहीस."

आणि ह्यूई त्या दिवशी काय वागला म्हणून सांगू! दाढी केलेली, टाय लावलेला. नर्सला खुर्ची दिली, हवापाण्यावर बोलला, ग्रीनॉकचे विनोद सांगितले. आमच्याकडं शाळा तपासायला साहेब आल्यावर पोरं वागतात तसा. खिडकीतून नर्सचं हसणं मला ऐकू येत होतं. हा असाच अर्धा तास राहिला की कागदावर सगळं ठीक म्हणून लागणार, नर्स जाणार, आणि दार बंद होणार. आत ती दोघंच राहणार.

नर्स मागच्या दारानं बाहेर पडली, मास्क सारखा केला, आणि दोरीशी उभ्या असलेल्या मला बघून थांबली. "तुम्ही शेजारी ना? सगळं ग्रँड आहे ना इथं?"

तिच्या मागं, खिडकीच्या काचेत, नोराचा चेहरा. ती माझ्याकडंच बघत होती. मान अगदी हळू, नाही अशी, हलवत होती.

एक शब्द बोलायचा होता. ग्रँड. इथं सगळेच म्हणतात.

"नाही," मी म्हणाले. "ग्रँड नाही. तो तिला मारतो. त्याला कळत नाही तो काय करतोय, पण मारतो. मनगट मी बघितलंय. पाय बघितलाय. गळ्यावरचा स्कार्फ काढायला सांगा."

काचेतला चेहरा बाजूला झाला. नर्स परत आत गेली.

दोन आठवड्यांत ह्यूईला नर्सिंग होममध्ये नेलं. गाडीत बसताना त्यानं कुणालाच ओळखलं नाही. नोरा माझ्याकडं न बघता आत गेली आणि तिनं दोरीवर कपडे घालणंच बंद केलं. कौमुदी म्हणाली, "आई, यू डिड द राइट थिंग." मी म्हटलं, मला नको सांगूस, मला काय माहीत. खरंच माहीत नव्हतं. माणूस मी घराबाहेर काढला होता. सत्तरीतल्या बाईला एकटी पाडली होती. नोरा आठवड्यातून एकदा त्याच्या खिडकीपुढं जाऊन उभी राहते, आणि तो आतून तिला हाकलतो, हे मला दुकानातल्या बाईकडून कळलं.

मे महिन्यात, मी परतीच्या तयारीला लागले होते तेव्हा, नोरा न ठोठावता आमच्या मागच्या दारातून आत आली. खुर्ची ओढून बसली. वाळली होती. मनगटं मात्र स्वच्छ.

"मला एकच सांग," म्हणाली. "का सांगितलंस? मी पाया पडल्यासारखी विनवत होते काचेतून."

मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, चांगलं, पुस्तकी इंग्रजीत. ते तोंडातून आलंच नाही. मी ब्लाउजचा गळा बाजूला केला, तिचा हात धरला आणि माझ्या गळ्याच्या हाडावर ठेवला. हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं आहे तिथं. कौमुदीलासुद्धा मी न्हाणीत पडले असंच सांगितलंय.

"नवरा?" नोरानं विचारलं.

"स्टॉपर होता," मी म्हणाले. "अख्खी पेठ त्याला मानायची. शेजारी ऐकायचे. डॉक्टर ओळखीचा होता, त्यानं काहीच विचारलं नाही. भर उन्हाळ्यात मी लांब हाताचे ब्लाउज घालायची आणि सगळे म्हणायचे, बाईंनी काय सेवा केली नवऱ्याची. पाच वर्षं, नोरा. मी रोज दाराकडं बघायची. वाटायचं, कुणीतरी येईल आणि माझ्या वतीनं बोलेल, कारण माझ्या तोंडून ते निघणार नव्हतं."

नोराचा हात तिथंच होता. मग म्हणाली, "मी तुला माफ केलेलं नाही."

"नको करूस."

"करणारही नाही." तिनं हात काढून घेतला, डोळे पुसले. "पण नर्स बाहेर पडली ना, तेव्हा मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, सांग. देवा, ह्या बाईला सांगू दे."